हौद तुझा, गोष्ट माझी

ऐका हो ऐका. वरवट बकालच्या हद्दीत राहणाऱ्या लहानथोर, बायाबापड्या, हिंदू-मुसलमान अशा सर्वांस, आणि ऐकू जात असल्यास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारासही, कळविण्यात येते की, या गावात समुद्र पाहिलेला एकुलता एक इसम, नामे गफूर, धंदा रूई पारखणे, हा अल्लाच्या घरी गेला असून समुद्राविषयी अधिकाराने बोलण्याची जागा रिकामी झाली आहे. त्या जागेसाठी एकच अर्ज आला आहे. अर्जदार दादाराव, म्हणजे मी. हरकत असल्यास मयताने स्वतः हजर राहून घ्यावी.

ही दवंडी खरोखरच गावात पिटवायची होती, गफूर. नथ्थू कोतवाल डफडं घेऊन आलाही. मजकूर ऐकून त्यानं डफडं काखेत मारलं. म्हणाला, "भाऊ, हे मी नाही वाजवत. गफूरभाई वरतून हासतीन आन् लोकं मले खाली मारतीन."

म्हणून इथे लिहितो. हसायचं तर हस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवालपवी नको. मी तुझ्यावर जळत आलो आहे. तुझ्या जनाज्याला खांदा देतानाही जळत होतो. जळगाव जामोदचे व्यापारी आले होते. शेगावचा तुझा अडत्या दुकान बंद ठेवून आला. ज्यांच्याशी तू आयुष्यात चार शब्द बोलला नसशील ते लोक डोळे पुसत होते. मी मान वळवून मागची गर्दी पाहिली आणि मनात म्हटलं, आपल्या वेळेला एवढी होईल का? तू खांद्यावर, आणि माझं हे चाललेलं. मग मलाच हसू आलं. शेजारचा म्हणाला, "दादाराव रडून राह्यला, धरा त्याले." तेवढं एक बरं झालं.

पण जनाजा ही किरकोळ बाब. खरी जळजळ त्या हौदाची.

तुला आठवत असेलच, सगळं सुरू झालं आमच्या मळ्यातल्या विहिरीपासून. आपल्या मुलखात कुठेही खणा, खारं पाणी लागतं. पिण्याची गोडी विहीर गावात एकच. त्यामुळे आपला माणूस परगावी गेला की रामराम घालायच्या आधी तिथलं पाणी चाखतो आणि त्यावरून त्या गावाची किंमत ठरवतो. सोयरिकीला गेलेले लोक नवरदेव मागाहून बघतात, विहीर आधी. आमच्या मळ्यातलं पाणी तर असं की बैल तोंड लावून मान उचलायचे आणि माझ्या बापाकडे बघायचे. कुणाच्या उपयोगाची नाही म्हणून ती विहीर आपल्याला मिळाली. पाठीला सुके भोपळे बांधून आपण तिच्यात पोहायला शिकलो. आधी मी शिकलो. हे तू कधीच नाकारलं नाहीस, म्हणून पुन्हा लिहून ठेवतो.

विहिरीचा कायदाही तुझ्या लक्षात असेल. उडी घेणाऱ्यानं उडी घेता घेता मागच्याचं नाव ओरडायचं. "मागून गफूर." मग बाकीच्यांनी काठावर थांबायचं, म्हणजे पाण्यात डोक्यावर डोकं आपटत नाही. आणि ज्याचं नाव घेतलं गेलं त्यानं उडी मारलीच पाहिजे. माघार घेतली तर बाकीचे त्याला धरून पुन्हा भोपळे बांधत आणि मग त्याची अब्रू पार पलीकडच्या सोनाळा गावापर्यंत जाई.

मास्तरांनी शाळेत सांगितलं की समुद्राचं पाणी खारं असतं. तू मागच्या बाकावरून म्हणालास, "म्हंजे आपल्या हिरीवानीच." छडी खाल्लीस. शाळा सुटल्यावर आपण ठरवलं, समुद्र पाहायचा तर दोघांनी मिळून. एकट्यानं पाहायचा नाही.

आणि तू एकटा गेलास.

मी तेव्हा लोणारला मेहुणीच्या लग्नात बुंदी खात होतो. इकडे तुझ्या अडत्याला मुंबईच्या व्यापाऱ्याकडे रूईचे नमुने घेऊन जायची निकड आली आणि तो तुला घेऊन शेगावहून गाडीत बसला. मी लोणारहून परतलो तो मोठ्या ऐटीत. तिथलं सरोवर पाहिलं होतं, पाणी चाखलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. दहा दिवस पुरेल एवढं बोलण्यासारखं जमवून आणलं होतं. चावडीपुढच्या लिंबाखाली जाऊन बघतो तर सगळं गाव तुझ्याभोवती. मी म्हटलं, "लोणारचं पाणी—" कुणीतरी म्हणालं, "थांब बे. गफूर समुद्र पाहून आला."

बावीस वर्षं झाली. लोणारची ती हकीकत अजून माझ्या पोटात आहे.

आणि तू काय सांगितलंस? नथ्थू तेव्हा नवा कोतवाल होता. त्यानं विचारलं, "काय पाह्यलं, गफूरभाई?"

"समुद्राच्या कडंले एक दगडी हौद हाय. लय जुना. समुद्रच त्याले भरते. तठी गेलतो."

"मंग?"

"पाणी होतं. भित होती. थंडं होतं. खारं होतं."

"मंग?"

"मंग काय. तंबाखू दे."

गफूर, देवानं काय अन्याय केला बघ. ज्याला पोपट मेला तरी अर्धा तास रंगवून सांगता येतं, त्याला लोणार. आणि ज्याला लंका जळताना दाखवली तरी "धूर होता" एवढंच म्हणेल, त्याला समुद्र आणि वर त्यात बांधलेला हौद. मला राहवेना. मी उठलो, धोतराचा सोगा खोचला आणि म्हणालो, "याले सांगता येत नाही. मी सांगतो."

तिथून तो हौद माझ्याकडे आला. तुझ्या चार वाक्यांचं मी काय केलं ते सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. तुझी भिंत मी नरनाळा किल्ल्याच्या तटाएवढी केली. तुझं थंड पाणी असं थंड केलं की माणूस आत शिरताना काळा आणि निघताना निळा. एक गोरा साहेब आणला, त्याच्या मडमेला छत्री दिली. साहेब म्हणतो, या वऱ्हाडी माणसाला पोहता येत असेल तर मी टोपी खाईन. मग तू सदरा काढतोस, भिंतीवर चढतोस, आणि मी लिंबाखालच्या पारावरून असा काही सूर मारायचा आव आणायचो की पुढच्या रांगेतली माणसं अंग आवरायची. "मंग, भाऊ?" नथ्थू विचारायचा. त्याचा "मंग" ठरलेल्या जागी पडायचा. शेवटी साहेब टोपी खायचा. एकदा बुटासकट.

दर वेळी मी तुझ्याकडे वळून विचारायचो, "काय गफूर, असंच ना?"

तू सुपारी कातरत म्हणायचास, "दादाराव सांगते तेच."

लोकांना वाटे काय हा दिलदार माणूस. मला मात्र ते वाक्य कुसळासारखं टोचायचं. कारण कुठे लग्नात, बाजारात नवा पाहुणा भेटला की लोक बोट तुझ्याकडे दाखवत. "हे समुद्रावर गेलते." मग माझ्याकडे, "आन् हे सांगते." तू गेलेला, मी सांगणारा. लोटांगण मी घालायचं, प्रसाद तू खायचा.

आणि तो आपला न मिटलेला वाद. जळगाव जामोदच्या बाजाराला जाताना बैलगाडीत, सातपुडा समोर निळा दिसायला लागला की मला चेव यायचा.

"गफूर, एकच सांग. पाण्यात उतरला का नाही?"

"तू सांगतं ना उतरलो म्हून."

"मी सांगतो ते सोड. खरं सांग."

"तू चांगलं सांगतं, बे. मी काऊन मधात पडू?"

एवढं म्हणून तू बैलांशी बोलायला लागायचास. बैलांशी बोलायला तुला शब्द कमी पडत नसत. मी ठरवून टाकलं होतं की तू उतरला नाहीस. पाय बुडवून परत आलास आणि ते सांगायची लाज वाटते. या विचारानं मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू. हौद तू पाहिलास, पण उडी मात्र माझीच, पारावरची.

शेवटच्या दुखण्यात तुझ्या खाटेजवळ बसलो होतो तेव्हाही मी सोडलं नाही. म्हटलं, "अबे, आता त सांग." तू हसलास, हसण्याचा खोकला झाला, आणि तू आतल्या दाराच्या पडद्याकडे पाहिलंस. पडद्यामागे बांगड्या वाजल्या. मला वाटलं तुला पाणी हवंय. मी पेला पुढे केला. तू प्यायलास आणि म्हणालास, "गोडं हाय."

त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुझ्या घरी गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली. मी ओसरीवर बसलो. जैतूनभाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, म्हणून दारावरचा पडदा सोडलेला. तिचा आवाज तेवढा बाहेर आला.

"दादारावभाऊ, आज त्याइची लय याद आली. हौदात उडी मारली त्या गोठीची."

मी सावरून बसलो. "भाभी, ते मी सांगतो ते खरं नाही. साहेब बिहेब कोणी नव्हता."

"साहेबाचं नाही म्हनत. त्याइनं सांगतलं ते म्हनते."

"गफूरनं? काय सांगितलं?"

"तुमाले नाही सांगतलं?"

मी पडद्याकडे सरकून बसलो.

भाभी सांगायला लागली. पडद्यावर उन्हानं तिच्या हातांची सावली पडली होती, आणि ते हात पोहत होते. दर ईदच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेले की तू तिला ही गोष्ट सांगायचास म्हणे. उभं राहून. हातवारे करून. खाटेची भिंत करून. हौदाच्या पायऱ्या मधोमध झिजून कशा पन्हळीसारख्या झाल्यात. तू आधी खाली बसून ओंजळभर पाणी प्यायलास, आपल्या सवयीनं, आणि काठावरचा पारशी म्हातारा ओरडत आला की अरे बाबा, ये पीने का नहीं. तू तोंड पुसून त्याला म्हणालास, याच्याहून वाईट आम्ही घरी पितो. भरती लागली तशी बाहेरची लाट भिंतीवरून आत यायला लागली. तू भिंतीवर हनुवटी टेकून उभा राहिलास आणि प्रत्येक लाट डोक्यावर घेतलीस, न्हाणीत आईनं तांब्यानं पाणी घालावं तशी. बारके मासे तुझ्या अंगठ्याला चावत होते आणि तू त्यांना वऱ्हाडीत शिव्या देत होतास.

भाभी क्षणभर थांबली, आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, मी म्हणत होतो, "मंग?"

नथ्थूसारखा. अगदी ठरलेल्या जागी.

"मंग काय. उडी मारली ते सांगायचंच राह्यलं. भितीवर चढले, आन् उडी घेता घेता वरडले, मागून दादाराव. सारे लोकं मांगं पाहून राह्यले, कोन दादाराव येते म्हून. कोनीच नाही आलं. त्या पारशीबाबानं इचारलं, कहां है तुम्हारा दादाराव? त हे म्हने, आ रहा है, पीछे आ रहा है."

ओसरीवर कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"भाभी, मले काऊन नाही सांगतलं त्यानं?"

"मी बी हेच इचारे. त म्हनत, दादारावले सांगतलं त ते त्याचं होऊन जाईन. एक गोठ त माही राहू दे."

वा रे वा. म्हणजे मी चोर. दारात सोडून दिलेलं वासरू मी बावीस वर्षं पोसलं, त्याचा बैल केला, झूल घातली, पोळ्याला मिरवला. तोवर खरी गाय तुझ्या माजघरात बांधलेली, आणि दूध दर ईदला एकटी भाभी पिणार. मी जळतो म्हणालो ना? तोवरचं जळणं म्हणजे नुसता धूर होता. जाळ त्या दिवशी लागला. तुला सांगता येत होतं. माझ्याहून चांगलं सांगता येत होतं. माझ्या गोष्टीत बुटासकट टोपी खाणारा साहेब, आणि तुझ्या गोष्टीत अंगठ्याला चावणारा मासा. सांगणारा कोण ते मला कळतं. आणि तुला ऐकणारीही अशी मिळाली की तुझे हात तिच्या हातात उतरले. माझी मंडळी, म्हणजे तुझी वहिनी, माझ्या गोष्टीत साहेब यायच्या आधी घोरते.

घरी येऊन तुझ्या वहिनीला म्हटलं, "मुंबईला जायचं. समुद्रावर."

"या वयात? काऊन?"

"माझं नाव घेतलंय."

"कोनं?"

"गफूरनं. बावीस वर्षं झाली. मी काठावरच उभा."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी बांधायला घेतल्या. सुक्या मिरचीची चटणी जास्तच घेतली, कारण तिचं म्हणणं, परक्या मुलखात पाण्याचा भरवसा नाही.

तर गफूर, हौद पाहिला. बोरीबंदरावरून ट्राम, मग बरंच पायी, मग काळे खडक, आणि त्या खडकांत तो. ओहोटी होती. समुद्र लांब सरकून बसला होता, आपल्याशी भांडण झाल्यासारखा, आणि हौद मात्र काठोकाठ. भिंतीत खाली लोखंडी झडप आहे. कुण्या पारशी शेटजीनं फार पूर्वी बांधला म्हणतात. दगडावर गुजराती अक्षरं आहेत, खाऱ्या वाऱ्यानं पुसत आलेली. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, पन्हळीसारख्या. तू खरं सांगितलं होतंस. मला त्याचाही राग आला.

तुझी वहिनी पायरीवर बसली, नऊवारी गुडघ्यापर्यंत घेतली, आणि मी अडवायच्या आत ओंजळभर पाणी तोंडात. काठावरचे लोक ओरडले. तिनं गुळणी केली, विचार केला आणि निकाल दिला, "आपल्या हिरीची थोरली बहीन." मग हौदाकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. म्हणाली, "तुमच्या गोठीतला मोठा होता."

"माझ्या गोष्टीत तू जागी असतं?"

"साहेब टोपी खाते तवा उठते मी."

तो पारशी म्हातारा कधीच गेला असणार. काठावर दुसराच एक गृहस्थ पंच्यानं डोकं पुसत होता. मी सदरा काढला. पोट सुटलं आहे, हे पारावरच्या उड्यांत कधी आड आलं नव्हतं, तिथे आलं. भिंतीवर चढलो. एकीकडे गुमान पडलेलं हिरवं पाणी, दुसरीकडे समुद्र, आणि तो आता परत फिरला होता. तुझ्या मागून माझा नंबर होता. आणि विहिरीचा कायदा म्हणतो, उडी घेणाऱ्यानं मागच्याचं नाव घ्यायचं.

मी नाव घेतलं. मोठ्यांदा घेतलं. पंचावाला गृहस्थ वळून बघायला लागला. तुझ्या वहिनीनं तोंडाला पदर लावला. कुणाचं नाव घेतलं, आणि त्यानंतर त्या पाण्यात काय काय झालं, भिंतीवर हनुवटी टेकली तेव्हा काय दिसलं, ते मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांनी खुशाल रुसावं. एक गोष्ट तर माझी राहू दे.

गावात शिरलो तेव्हा बातमी पुढे पोहोचली होती. लिंबाखाली एवढी माणसं मी माझ्या उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तुझ्या जनाज्याएवढी असतील, मी नजर टाकून घेतली. पोरं फांद्यांवर. तुझ्या घराच्या ओसरीवरचा पडदाही तिथून दिसतो. तो बाजूला झालेला नव्हता, पण हलत होता. नथ्थूनं पार झाडून ठेवला होता. मला वर चढवलं. बावीस वर्षं ज्या जागेसाठी जळलो ती जागा माझ्या पायाखाली होती. पाहिलेला मी, सांगणाराही मी. आता मधे कुणी नाही.

"भाऊ," नथ्थू म्हणाला, "काय पाह्यलं?"

मी सोगा खोचला. हात वर नेला. पुढच्या रांगेनं अंग आवरून घेतलं. मी सवयीनं वळून डाव्या हाताला पाहिलं, जिथे तू सुपारी कातरत बसायचास. तिथे कुणीच बसलं नव्हतं. एवढ्या गर्दीत तेवढी जागा लोकांनी मोकळी ठेवली होती.

हात खाली आला.

"पाणी होतं," मी म्हणालो. "भित होती. थंडं होतं."

पुढचं एक वाक्य राहिलं होतं. ते मी तसंच ठेवलं. मी पारावरून उतरलो आणि नथ्थूकडे तंबाखूसाठी हात पसरला.

नथ्थूनं चंची काढली, माझ्या तळहाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"याच्यापरीस त गफूरभाई लय सांगे."